बारावी आर्ट्सला युरोपचा इतिहास: नुसतं पुस्तक, की मूळ कागद पण?

खाडीकाठचा_मास्तर

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदा लिहितोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

रत्नागिरी जिल्ह्यात खाडीच्या तोंडाशी एका गावात ज्युनियर कॉलेजला इतिहास शिकवतो. बारावी आर्ट्स, पटावर चौतीस, पावसात येतात वीस-बावीस, कारण तर (खाडी ओलांडायची होडी) आणि एसटी यांची वेळ जुळली नाही की पलीकडच्या वाडीतली पोरं घरीच बसतात. निम्मी मच्छीमारांच्या घरातली, बाकीची आंबा-काजूवाल्यांची, दोघं-तिघं लॉकडाऊनमध्ये मुंबईहून आली ती इथलीच झाली.

तर प्रश्न असा आहे. बारावीचं पुस्तक सुरूच होतं युरोपातल्या प्रबोधनापासून आणि मग लगेच वसाहतवाद. १४५३ कॉन्स्टॅन्टिनोपल, १४९२ कोलंबस, १४९८ गामा, पोरं हे पाढ्यासारखं म्हणतात, पण कॉन्स्टॅन्टिनोपल पडलं म्हणजे नक्की कोणाचं काय अडलं असं विचारलं की वर्ग चिडीचूप. मला पुस्तकाला नावं ठेवायची नाहीयेत, एवढ्याशा पानांत चार-पाचशे वर्षं कोंबायची म्हणजे दुसरं काय होणार. पण आमच्या पोरांना युरोप हा एक वेगळाच ग्रह वाटतो.

गेल्या वर्षी हौसेने एक प्रयोग केला. गॅलिलिओने १६३३ साली चर्चच्या न्यायाधीशांपुढे गुडघ्यावर बसून जो कबुलीनामा वाचला तो नेटवरून इंग्रजीत काढला, पदरच्या पैशाने झेरॉक्स मारल्या आणि वाटल्या. वाटलं होतं पोरं चाट पडतील. झालं काय, चार ओळी होईस्तो मागचा बाक पेंगायला लागला, एकाने कागदाची होडी केली (होडी छान होती, खोटं कशाला बोलू) आणि पुढच्या बाकावरच्या हुशार मुलीने विचारलं, सर, हे परीक्षेला आहे का? नाही म्हटल्यावर तिने पेनाला टोपण लावलं. त्याच आठवड्यात प्राचार्यांनी बोलावून पोर्शन कुठवर आलाय ते विचारलं. विषय संपला.

यंदा परत खुमखुमी आलीय. तुमच्यापैकी कोणी पाश्चात्त्य इतिहास मूळ साधनांवरून शिकवलाय का, आणि शिकवला असेल तर भाषेचं काय केलंत? आमच्या पोरांना इंग्रजीचा एक परिच्छेद म्हणजे दांडी मारायला निमित्त. आणि मराठीत ही साधनं मिळतात तरी का कुठे? की हे सगळं शहरातल्या कॉलेजांचे चोचले आहेत आणि मी गपगुमान पुस्तक वाचून दाखवावं?

वेंगुर्ल्याची_बाई

सर, होडी वाचून हसले. माझ्याही वर्गात झालंय, फक्त माझ्या वेळी विमान होतं.

मला वाटतं तुमची पद्धत चुकली नाही, कागद चुकला. गॅलिलिओचा कबुलीनामा म्हणजे कोर्टाचा कागद, त्याच्या मागे काय काय घडलंय ते माहीत असणाऱ्याच्याच अंगावर काटा येतो, पोरांना त्यात धरायला काही नाही. किनाऱ्यावरच्या पोरांना गामाच्या सफरीची डायरी द्या. ती गामाने लिहिलेली नाही बरं का, त्याच्या ताफ्यातल्या कोणा माणसाने लिहिली, नाव नाहीये तिच्यावर, बहुतेक अभ्यासक आल्वारो व्हेल्यु नावाच्या माणसाकडे बोट दाखवतात. १८९८ साली तिचं इंग्रजी भाषांतर निघालं, ते इंटरनेट आर्काइव्हवर फुकट आहे.

मी काय करायची ते सांगते. फळ्यावर पुस्तकातली एकच ओळ लिहायची, वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला पोचला. आणि तिच्याखाली डायरीतल्या चार तारखा. आफ्रिकेतल्या मालिंदीहून निघाले २४ एप्रिल १४९८, हिंदुस्थानची जमीन दिसली १८ मे. परत जाताना अंजदीव बेटावरून (कारवारजवळचं, गोव्याच्या खाली) निघाले ५ ऑक्टोबर, आफ्रिकेची जमीन दिसली २ जानेवारी १४९९. बास. मग विचारायचं, दर्या तोच, जहाजं तीच, मग येताना तेवीस दिवस आणि जाताना तीन महिने का?

पहिल्या वर्षी मला स्वतःला याचं उत्तर धड माहीत नव्हतं. मागच्या बाकावरची एक मुलगी, तिचे वडील तांडेल, वर्षभरात वर्गात तोंड उघडलं नव्हतं तिने, ती उठून म्हणाली, बाई, वैशाख-ज्येष्ठात वारा दर्याकडून येतो, शीड लावलं की आपोआप किनाऱ्याला लागतं, आणि दसऱ्याच्या टायमाला वारा पडलेला असतो, मतलई नीट लागलेली नसते, त्या वेळेला कोण शिडावर एवढ्या लांब जाईल, खुळा का तो? मी गप्प उभी. मग तिला डायरीतला पुढचा भाग वाचून दाखवला, की वारा पडल्यामुळे आणि उलटा लागल्यामुळे आम्हाला तीन महिन्याला तीन दिवस कमी लागले, लोकांच्या हिरड्या सुजल्या, अन्न चावता येईना, पाय सुजले, तीस माणसं गेली, तितकीच आधी गेली होती, आणि शेवटी एकेका जहाजावर काम करण्याजोगे सात-आठच उरले. वर्गात कोणी हललं नाही. त्या दिवसापासून ती मुलगी पुढच्या बाकावर बसायला लागली.

आणि मजेचा भाग तर सांगितलाच नाही. गामाचा पहिला माणूस कालिकतला उतरला तेव्हा त्याला तिथे ट्युनिसचे दोन मुसलमान व्यापारी भेटले, स्पेनकडची भाषा बोलणारे, आणि त्यांनी स्वागत काय केलं तर सैतान नेवो तुला, इथे कशाला मेलास! म्हणजे ज्यांचा पत्ता शोधत हे अर्धं जग फिरून आले त्या बंदरात यांच्या शेजारघरचे लोक आधीच दुकान टाकून बसलेले. पुढे हे देवळात गेले ते चर्च समजून. भिंतीवरच्या चित्रांबद्दल लिहिलंय की संतांचे दात इंचभर बाहेर आलेत आणि चार-चार पाच-पाच हात आहेत. पुजाऱ्याने भस्म दिलं तर गामाने घेतलं आणि मग लावतो म्हणून दुसऱ्याच्या हातात दिलं. पोरं लोळतात हसून. मग सामुद्रीला (कालिकतच्या राजाला) भेट काय न्यायची ठरवली, तर कापडाचे बारा तुकडे, तांबडी कुंची चार, टोप्या सहा, पोवळ्याच्या चार माळा, हात धुवायची सहा भांडी, एक पेटी साखर, दोन पिंपं तेल आणि दोन पिंपं मध. राजाचे कारभारी बघून हसले, म्हणाले मक्केचा दरिद्री व्यापारीसुद्धा याहून बरं देतो, द्यायचं तर सोनं द्या.

हे सगळं दोन तासांत होतं सर, पोर्शन बुडत नाही. आणि त्यानंतर पुस्तकातला वसाहतवादाचा धडा वाचायला घेतला की पोरं स्वतःच विचारतात, अहो जे तेल-मध घेऊन आले होते ते पुढे मालक कसे झाले?

पोर्शन_आधी

बाईंचा अनुभव भारी आहे पण मी जरा पाण्याचा हंडा ओततो, माफ करा.

मी रायगडात शिकवतो, विनाअनुदानित, आठवड्याचे तास बोटावर मोजण्याइतके, त्यात इलेक्शन ड्युटी, गणपती, वादळ आलं की शाळा बंद. बोर्डाच्या पेपरात डायरी येत नाही, संकल्पना स्पष्ट करा आणि टीपा लिहा येतात. आमच्या पोरांचं पहिलं टार्गेट पास होणं आहे, ते झालं तर पुढे डीएड, पोलीस भरती, बोटीवर खलाशी, जे काय असेल ते. ऐंशी मार्क कुठून आणायचे ते आधी बघावं लागतं.

आणि दुसरी गोष्ट, जी या मूळ साधनवाल्यांना आवडत नाही. पुस्तकाशिवाय सुटा कागद म्हणजे पुरात वाहत आलेला ओंडका, कुठल्या डोंगरातला आणि कोणाचा काही कळत नाही. माझ्याच फजितीची गोष्ट सांगतो. नवीन होतो तेव्हा फ्रेंच क्रांतीवर बोलताना मोठ्या ऐटीत सांगितलं, की १४ जुलै १७८९ ला पॅरिसमध्ये बॅस्टिलचा तुरुंग पडत होता आणि सोळावा लुई आपल्या डायरीत काय लिहितो, तर ‘काही नाही’. एकच शब्द. बघा राजा किती बेफिकीर! वर्ग हसला, मी खूश. नंतर कळलं की ती मुळात शिकारीची डायरी होती. काही नाही म्हणजे आज शिकार नाही झाली. कागद अस्सल, तारीख अस्सल, अर्थ मात्र मी माझ्या पदरचा घातला. आता बोला. मूळ साधन दिलं म्हणजे खरं कळलं असं नसतं, बारावीच्या पोराला तो कागद कुठला ते सांगायला कोणीतरी लागतो, आणि तो माझ्यासारखा अर्धवट निघाला तर पुस्तक परवडलं.

तेव्हा सर, गपगुमान पुस्तक वाचा असं नाही म्हणत, पण आधी पुस्तक, मग हौस.

मालवणचो_बाबलो

गजाल बरी चललीहा. माका एकच इचारूचा आसा, त्या गामान राजाक हात धुवूची भांडी कित्याक आणल्यान? माशे खाऊन झाल्यार?

वेंगुर्ल्याची_बाई

बाबलो, मेल्या, गंभीर धागा आहे. (पण पोरांनी पण हेच विचारलं होतं. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर असल्याच चीजा देत आले होते, इकडेही खपतील असं वाटलं असणार.)

पोर्शनवाले सर, लुईचं उदाहरण तर माझ्याच बाजूचं आहे की हो. ‘ही वही कसली आहे’ हा प्रश्न पोरांना विचारायला लावा, तोच तर धडा. आमच्या वेंगुर्ल्यातला वाणी उधारीच्या वहीत १५ ऑगस्टच्या पानावर काहीच लिहीत नाही, म्हणून तो देशद्रोही का? दुकान बंद होतं एवढंच.

पोर्शन_आधी

हे वाणी-उदाहरण उचलतोय, हरकत नसावी. बाकी मत कायम आहे.

जुना_कागद

उशिरा येतोय. मी शिक्षक नाही, बँकेतून निवृत्त, राजापूर तालुक्यातला, जुन्या कागदांचं वेड. दोघांचं वाचलं, दोघांनाही थोडं थोडं टोचतो.

बाईंच्या तारखा बरोबर आहेत पण एक गोष्ट पोरांना सांगितली तर तो वाऱ्याचा हिशोब आणखी घट्ट बसेल. त्या तारखा जुन्या युरोपी पंचांगाच्या, त्यावेळी आजच्या हिशोबाने नऊ दिवस मिळवायचे. म्हणजे जमीन दिसली १८ मे नाही, आपल्या मोजणीत २७ मे. आता कुठल्याही कोळ्याला विचारा मेअखेर तो काय करतो, होडी वर ओढून झावळ्यांनी शाकारतो. म्हणजे हे लोक पावसाच्या तोंडावर मलबारला टेकले. आठवडाभर उशीर झाला असता तर काय झालं असतं ते तुमचा मागचा बाक सांगेल. तारखेचं भाषांतर करावं लागतं हेही त्यात येऊन गेलं.

मूळ साधन म्हणजे खरं, हा गैरसमज मात्र पहिल्याच दिवशी मोडायला हवा, इथे मी पोर्शनवाल्यांबरोबर. आणि गंमत म्हणजे त्याचं सगळ्यात चांगलं उदाहरण त्या प्रबोधनाच्या काळातच आहे. पोपकडे एक सनद होती, चौथ्या शतकातल्या कॉन्स्टन्टाइन बादशहाने रोमची आणि पश्चिमेची सत्ता पोपला लिहून दिली अशी. शेकडो वर्षं ती दाखवून राजकारण चाललं. १४४० मध्ये लोरेन्झो व्हाल्ला नावाच्या पंडिताने ती नुसती भाषा वाचून खोटी ठरवली. त्यात ‘सत्रप’ असा शब्द आलाय, त्याने विचारलं, रोमच्या दरबारात सत्रप कुठून आले? आज ती आठव्या शतकातली मानतात. प्रबोधन म्हणजे ग्रीक-लॅटिन ग्रंथांचा अभ्यास असं पुस्तकात वाचून कोणाला काय कळणार, पण एका शब्दावरून पोपची सनद खोटी पाडली म्हटलं की कळतं. आमच्याकडे सातबारा आणि भाऊबंदकी पाहिलेल्या पोरांना तर लगेच, आजोबांच्या नावाने बॉलपेनात लिहिलेलं मृत्युपत्र कोणी पुढे केलं तर काय म्हणाल एवढं विचारा. इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी बखरींना धारेवर धरलं आणि अस्सल पत्रांसाठी गावोगाव दप्तरं धुंडाळली, ती हीच विद्या. आपल्याला ती परकी नाही.

उलटंही असतं. गॅलिलिओ कबुलीनामा वाचून उठला आणि पुटपुटला, तरीही ती (पृथ्वी) फिरतेच, ही गोष्ट आपण सगळेच सांगतो. त्या वेळच्या कागदात ती नाही. छापून आली ती १७५७ मध्ये, सव्वाशे वर्षांनी. सर, तुमचा तो दोन पानी कबुलीनामा फुकट नाही गेला, त्याच्याशेजारी हे वाक्य ठेवा आणि विचारा, यातलं कुठलं कागदावर आहे आणि कुठलं आपल्याला असावंसं वाटतं?

आता मराठीत साधनं मिळतात का. तुम्ही खजिन्यावर बसून चणे शोधताय. रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र, राज्य कसं चालवावं ते सांगणारं, १७१५ च्या आसपासचं, त्यातलं टोपीकरांचं प्रकरण काढा. फिरंगी, इंग्रज, वलंदेज, फरासीस, डिंगमार, म्हणजे पोर्तुगीज, इंग्रज, डच, फ्रेंच, डॅनिश, हे बाकीच्या सावकारांसारखे सावकार नव्हेत, यांच्या मागे यांचे राजे आहेत, असं तो सांगतो. यांना वखारीला जागा द्यायची तर खाडीकाठी, समुद्रतीरी देऊ नका, आत चार-आठ कोसांवर द्या, सखल जागी द्या, पक्की इमारत बांधू देऊ नका. जात हट्टी आहे, हाती आलेली जागा मेल्यावाचून सोडणार नाहीत. वसाहतवादाच्या धड्यात व्यापारी कंपन्या आणि त्यांना मिळालेल्या सनदा येतात, त्याच गोष्टीकडे इकडच्या काठावरून बघणारा माणूस आणि तोही मराठीत. युरोपचा इतिहास शिकवायला युरोपीय माणसाचाच कागद लागतो असं कोणी सांगितलं? वेंगुर्ल्यात बाईंच्या हाकेच्या अंतरावर डच वखारीचे अवशेष उभे आहेत, १६३७ मध्ये वलंदेज तिथे आले ते गोव्याच्या पोर्तुगीजांची नाकेबंदी करायला, म्हणजे हॉलंड आणि आयबेरियाचं (स्पेन-पोर्तुगालचं) युद्ध आपल्या मिठागरांपर्यंत आलं होतं.

आणि आमचं राजापूर. १६६१ मध्ये महाराजांनी इंग्रजांची वखार लुटली, वखारीचा साहेब रेव्हिंग्टन आणि मंडळी कैदेत. कैदी सुरतेला पत्रावर पत्र, आम्ही कंपनीचा माल राखताना पकडले गेलो, सोडवा. सुरतेच्या वरिष्ठांनी काय उत्तर दिलं, तर तुम्ही का पकडले गेलात ते तुम्हाला चांगलं ठाऊक आहे, मालासाठी नाही, पन्हाळ्याच्या वेढ्यात जाऊन इंग्रजांचं म्हणून ओळखू येणारं निशाण लावून गोळे टाकलेत म्हणून. ही पत्रं १९३१ मध्ये पुण्याहून शिवाजी महाराजांवरच्या इंग्रजी कागदांच्या संग्रहात छापली गेली. कंपनी म्हणजे काय, तिची साहेबमंडळी कशी आपल्याच माणसांना तोंडघशी पाडतात, हे त्या एका पत्रात आहे.

लांबलं. वेड आहे, काय करणार.

खाडीकाठचा_मास्तर

सगळ्यांचे आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. आज्ञापत्र शाळेत असताना नावापुरतं ऐकलं होतं, त्यात हे आहे हे मला, इतिहासात एमए करून, माहीत नव्हतं. लाज वाटली थोडी.

गामाची डायरी उतरवून घेतली. वेळ वाचावा म्हणून मोबाईलमधल्या भाषांतराच्या ॲपला दोन पानं घातली, आणि काय निघालं बघा. मालिंदीच्या राजाने गामाला एक ‘वैमानिक’ दिला! १४९८ साली! पायलट या शब्दाचं एवढंच माहीत त्याला. आणि राजापूरच्या उताऱ्यात वखारीचा ‘कारखाना’ झाला, म्हणजे पोरांना वाटणार राजापुरात मिलचा भोंगा वाजत होता. शेवटी हाताने करायला बसलोय, बायको म्हणते रात्री बारापर्यंत दिवा लावून पोर्तुगीजांचं कुठलं श्राद्ध घालताय.

पायलटला काय म्हणावं? वाटाड्या बरा का?

जुना_कागद

वाटाड्या चालेल, पण पोरांनाच विचारा, त्यांच्याकडे वेगळा शब्द असेल. आणि भाषांतर तुमचं असलं तर कागदाखाली लिहा की हे इंग्रजीवरून केलेलं आहे आणि इंग्रजी हे पोर्तुगीजवरून. दोन हात फिरून आलेलं आहे हे पोरांना दिसू दे.

रत्नांग्रीची_ताई

सीबीएसईला शिकवते. एनसीईआरटीचं नववीचं, २००६ मध्ये आलेलं पुस्तक बघा, पहिलाच धडा फ्रेंच क्रांती, आणि चौकटीत मूळ उतारे दिलेत, छोटे छोटे. त्यात ओलिम्प द गूजचाही आहे. १७८९ च्या जाहीरनाम्यात माणसाचे आणि नागरिकाचे हक्क आले, मग तिने १७९१ मध्ये बायकांच्या हक्कांचा काढला, बाईला फाशीच्या चौथऱ्यावर चढायचा हक्क आहे तर भाषणाच्या व्यासपीठावर पण हवा असं म्हणाली, आणि १७९३ मध्ये तिला गिलोटिनवरच चढवलं. माझ्या मुली या एका ओळीवर अर्धा तास भांडल्या. मुलगे गप्प होते, ते एक बरं झालं.

बारावीला मी असते तर महात्मा फुल्यांची १८७३ ची गुलामगिरी पण घेतली असती, अर्पणपत्रिका फक्त, अमेरिकेतल्या लोकांनी गुलामांना मुक्त केलं म्हणून त्यांना अर्पण केलीय. एक पान, मराठी, आणि अमेरिकेचं यादवी युद्ध पुण्यात कसं पोचलं ते त्यात आहे.

पोर्शन_आधी

ताई, एक पान हे मला पटलं. माझी अट तेवढीच आहे, एका तासाला एक पान, आणि शेवटची पाच मिनिटं पुस्तकाकडे परत. ‘आपले मत नोंदवा’ या प्रश्नाला पोरं पुस्तकातलीच वाक्यं पुसून-पुसून लिहितात, स्वतःचं मत म्हणून. तिथे हे उपयोगी पडेल हे मान्य. आणि अंतर्गतचे वीस मार्क आहेत, प्रकल्प म्हणून घाला, प्राचार्य काही बोलणार नाहीत.

खाडीकाठचा_मास्तर

दहा दिवसांनी परत आलोय, वृत्तांत द्यायला. मध्ये चार दिवस नेटवर्क नव्हतं, वाऱ्याने पोफळ तारांवर पडली.

बाईंच्या पद्धतीने केलं. फळ्यावर पुस्तकातली ओळ, खाली चार तारखा, जुना_कागदांचे नऊ दिवस मिळवून. पहिली पाच मिनिटं कोणी बोललं नाही, माझं काळीज धडधडायला लागलं, म्हटलं झाली होडी. मग तोच, होडीवाला, म्हणाला सर यात काय आहे, बाबा पण सांगतील. म्हटलं सांग. तर त्याने फळ्यावर येऊन किनारा काढला आणि कुठल्या महिन्यात वारा कुठून ते बाण मारले. एक-दोन बाण चुकीचे होते, दुसऱ्या वाडीतल्या पोराने येऊन खोडले, त्यावरून जुंपली, आणि पाच मिनिटं मी इतिहासाचा तास घेतोय की मच्छीमार सोसायटीची मीटिंग तेच कळेना. पण त्यानंतर मसाल्याचा व्यापार अरबांच्या हाती का होता हे मला सांगावंच लागलं नाही. एक मुलगी म्हणाली, ज्याला वारा माहीत त्याचा धंदा. ते वाक्य मी वहीत लिहून ठेवलं.

पायलटला पोरांनी शब्द दिला ‘दाखवणारा’. अनोळखी खाडीत शिरताना त्या गावातला एक माणूस पुढे बसवतात, खडक कुठे, वाळू कुठे ते हात करून सांगतो, त्याला हे दाखवणारा म्हणतात. आमच्या गावापुरता शब्द असेल, पण भाषांतरात तोच ठेवला.

आज्ञापत्राच्या तासाला मात्र तितकं जमलं नाही. जुनी मराठी त्यांना इंग्रजीइतकीच जड गेली, अर्थ मीच सांगत बसलो आणि तास संपला. तो परत घ्यावा लागेल, पाच ओळीच घेऊन. मुसलमान मोहल्ल्यातल्या एका मुलाने त्या देवळाच्या गोष्टीवर विचारलं, सर, ते चुकले म्हणून आपण हसलो, पण आपल्याकडच्या कोणी त्यांच्या चर्चबद्दल लिहिलं असतं तर काय लिहिलं असतं? माझ्याकडे उत्तर नव्हतं.

हुशार मुलीने परीक्षेला आहे का विचारलंच. वीस मार्क म्हटल्यावर पेनाचं टोपण निघालं. पोर्शनवाले सर, धन्यवाद.

आता एक अडलंय. त्याच होडीवाल्याने शेवटी विचारलं, त्या दाखवणाऱ्याचं नाव काय? पुस्तकात नाही, डायरीत मला सापडलं नाही. डायरीत नुसतं ख्रिश्चन वाटाड्या असं लिहिलंय. कोणाला माहितेय?

जुना_कागद

डायरीत नाव नाहीच. आणि देवळाला चर्च समजणाऱ्याच्या लेखणीतला ‘ख्रिश्चन’ आहे तो, तेव्हा त्यावर किती जायचं ते पोरांनाच ठरवू द्या. मागाहून लिहिणाऱ्या पोर्तुगीज इतिहासकारांत बारुश त्याला गुजरातचा मुसलमान म्हणतो आणि नाव देतो मालेमो काना. बऱ्याच पुस्तकांत इब्न माजिद या प्रसिद्ध अरब दर्यावर्द्याचं नाव छापलेलं असतं, ते आता अभ्यासक मानत नाहीत, ते देऊ नका.

मालेमो हे नाव नव्हेच बहुतेक. अरबी मुअल्लिम. जहाजावर वाट काढणाऱ्या जाणत्याला म्हणायचे, आणि एरवी त्याचा अर्थ मास्तर.

मालवणचो_बाबलो

म्हंजे गामाक हाडलो तो मास्तरानच! आता पोर्शन कुठवर इलो ता सांगा.

खाडीकाठचा_मास्तर

दुसऱ्या धड्याचं चौथं पान, बाबलोशेठ. उद्या तर लवकर आहे, पलीकडची पोरं पण येतील, तेव्हा सांगतो त्यांना.